बाबांचा वरचा आकडा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबांना आज पुन्हा परत पाठवलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू; उजव्याने तर कित्येक वर्षं अंधूकच दिसतं. काम किरकोळ, पण आधी बीपी मोजतात, आणि वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. मागच्या खेपेलाही असाच चढला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सहा मार्चची तारीख दिली आणि सांगितलं, त्या दिवशीही हेच निघालं तर मग पावसाळ्यानंतर बघू.

पावसाळ्यानंतर म्हणजे संपलंच. डिसेंबरात बाबांनी संध्याकाळी होडी आणताना मढच्या बाजूचा दिवा आपल्या वेसाव्याचा समजून दुसऱ्याच्या होडीला धडक दिली. सबंध बंदर बघत होतं. तेव्हापासून ते होडीवर जात नाहीत. माझा भाऊ प्रज्योत विमानतळावरच्या कार्गोतून सुट्टी काढून होडी नेतोय, पण त्याची सुट्टी होळीपर्यंतच. होळीनंतर होडी कोण नेणार हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही. सगळे जेवताना खाली बघतात.

दोन्ही वेळा मीच सोबत होते. रिक्षात बसल्यापासून बाबांचा हात धरून ‘शांत राहा, बाबा, शांत राहा, काही होत नाही’ असं एकसारखं सांगत होते. संमतीपत्रातले सगळे धोके मोठ्याने वाचून दाखवले, कारण त्यांना दिसत नाही आणि न वाचता सही करणं चूक आहे. एवढं करूनही आकडा चढतो. म्हणजे घरात कोणीतरी त्यांना गुपचूप मीठ पुरवतंय.

आजपासून बाबांचं बीपी माझ्या ताब्यात.

४ फेब्रुवारी

मशीन आणलं. बाबा १७२. आई ११८. प्रज्योत म्हणाला, मना कशाला, मी काय म्हातारा झालो, आणि हात खिशात घालून निघून गेला. संशयास्पद. माझं मोजलं नाही. मोजणाऱ्याने स्वतःवर बॅटरी खर्च करू नये.

मोजताना मी लॅबचा कोट घालते. गोरेगावच्या ज्या कंपनीत मी तयार खाद्यपदार्थांचे नमुने तपासते, तिथे कोटाशिवाय कशालाच हात लावत नाहीत. घरातही शिस्त हवी.

लोणच्याची बरणी, पापडांचा डबा आणि सुकटीचं पिंप, तिन्ही माझ्या खोलीत आणून ठेवली. खोलीला वास येतोय. चालेल.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस महत्त्वाचा. ऑफिसमध्ये ऑनलाइन व्याख्यान होतं. विषय: अन्नातून मिळणारी लहान पेप्टाइड्स आणि रक्तदाब. सगळे कॅमेरा बंद करून डबा खात होते. मी एकटी ऐकत होते.

समजलं ते असं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. पचनात ती तुटते आणि दोन-दोन, तीन-तीन मण्यांचे तुकडे होतात. तीच पेप्टाइड्स. आपल्या अंगात एक एन्झाइम असतं, त्याच्या कामामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब वाढतो. यातली काही पेप्टाइड्स त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतात आणि त्याला काम करू देत नाहीत. आंबवलेल्या दुधात अशी सापडली आहेत, आणि एका माशातही. पडद्यावर माशाचा फोटो आला. त्याचं जपानी नाव मोठं होतं. मासा मी लगेच ओळखला. आपला गेदरच की तो, निदान गेदराचा सख्खा चुलतभाऊ.

गेदर! काळ्या मांसाचा, उग्र वासाचा. आमच्याकडे जाळ्यात आला तर लोक तोंड वाकडं करतात. जग ज्याच्यावर संशोधन करतंय तो आम्ही मांजरांना घालतो.

व्याख्यानाच्या बाईंनी शेवटी सांगितलं की परिणाम लहान असतो, सगळ्यांना दिसत नाही, आणि तो औषधाच्या जागी घ्यायचा नाही, ‘मदत होऊ शकते’ एवढंच म्हणता येईल. शास्त्रज्ञ मुळात लाजाळू असतात. मी वहीत ‘मदत होते’ असं लिहिलं.

शेजारच्या टेबलावरची निधी म्हणाली, तिच्या ओळखीत पेप्टाइडची पावडर मिळते. डबा बघितला. पुढे हृदयाचं मोठं चित्र, मागे बारीक अक्षरात ‘हे औषध नाही’. परत केला. शाळेत जाण्याआधी मी शेवंती आत्याच्या पाटीशेजारी बसून पहिला धडा शिकले: कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासळीवर विश्वास ठेवायचा नाही, वरून सगळ्याच चकाकतात. डब्याला कल्ला नसतो. गेदराला असतो.

८ फेब्रुवारी

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाजारात मासळी विकते. तिला गेदर सांगितला. तिने विचारलं, “कोनाला गो? मांजर पाललंस काय?”

मी म्हटलं, बाबांना. तिने गेदर दिला, पण पाटीच्या तळातून, दोन पापलेटांखाली झाकून, आणि आजूबाजूला बघत.

मीठ न घालता, कोकम घालून शिजवला. बाबांनी ताटात बघितलं, वास घेतला आणि आईला विचारलं की होडी बुडाली काय. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. खाडीचं तोंड आवळतं म्हणून पाण्याचा जोर वाढतो. तोंड आवळणारा एक माणूस असतो. हा गेदर पोटात गेला की त्याचे तुकडे जाऊन त्या माणसाचे हात जाळ्यात अडकवतात. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, जाळ्यात अडकलाय तो कोण, ते मना दिसतंय, डोळ्यात मोतीबिंदू असला तरी.

तरी खाल्लं. अर्धं. मी समोर बसून प्रत्येक घास मोजला.

मोजल्यावर १७६. पहिला दिवस आहे.

स्वतः चाखला नाही. प्रयोग करणाऱ्याने तटस्थ राहावं. शिवाय वास.

बाबांची रोजची गोळी चालूच आहे, ती आई देते. गोळी बंद केली असती तर प्रयोग शुद्ध झाला असता, पण बाप एकच आहे.

११ फेब्रुवारी

ताट रोज साफ होतंय. चांगली गोष्ट आहे. म्हणूनच संशय येतोय. ज्या माणसाने आयुष्यभर सुरमईचा मधला तुकडाच खाल्ला तो चौथ्या दिवशी गेदर चाटूनपुसून खाईल काय?

गल्लीतला बोका सध्या आमच्या पायरीवर झोपतो. पूर्वी समोरच्या विनिताकाकींच्या पायरीवर झोपायचा. अंगावर तकाकी आली आहे.

बाबांच्या हातांचा वास घेतला. साबणाचा आला. जेवल्यावर साबणाने हात धुणारा माणूस काहीतरी लपवतोय. मी तसं बोलून दाखवलं. मोजल्यावर १८०.

ठराव: जेवताना समोर बसायचं आणि पाठीमागची खिडकी बंद करायची.

१३ फेब्रुवारी

दुसरा मोर्चा: आंबवलेलं दूध. जितकं जास्त आंबेल तितके जास्त तुकडे, असा माझा हिशोब. ताकाची बाटली झाकण घट्ट लावून गॅसच्या ओट्यामागे उबेला ठेवली होती. आज दुपारी बाबा ओट्याशेजारी खुर्चीत डुलक्या घेत असताना झाकण उडालं. छताला लागलं आणि तिथून देवघरात गेलं. बाबांना वाटलं सिलिंडर फुटला. मी लगेच कोट घालून मोजलं. १९०.

हा आकडा धरायचा नाही. बाह्य कारण.

आई देवघर पुसत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. आईवरही लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी

विनिताकाकी थाळा घेऊन आल्या. वर रुमाल, आत पापलेटचं कालवण, आख्खी दोन. कशाबद्दल, विचारलं तर म्हणाल्या, सहज गो, आज जास्त झाला. काकींच्या घरी कधीच काही जास्त होत नाही. मी रुमाल उचलून वास घेतला. भरपूर मीठ, भरपूर खोबरं. कोणीतरी माझा प्रयोग हाणून पाडू बघतंय.

बाबा थाळ्याकडे असे बघत होते जसे देवाकडे बघतात. मी थाळा उचलून माझ्या खोलीत नेला. सुकटीशेजारी ठेवला. (नंतर मीच खाल्ला. अन्न वाया घालवणं पाप आहे.)

आता पंचाईत अशी की शेजारणीचा थाळा रिकामा परत करत नाहीत. आईच्या आईने शिकवलंय, आणि तिच्या आईने. घरात आज गेदराशिवाय काहीच नव्हतं. आई म्हणाली, साखर घाल, नारळ घाल, काहीही घाल. मी म्हटलं, साखर बीपीला वाईट, त्यांच्याही घरात म्हातारी आहे. गेदराचे चार तुकडे, मीठ नसलेले, पुसून ठेवले आणि मीच पोचवले. वर पेप्टाइडबद्दल दोन शब्द सांगितले. काकींनी थाळा घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शास्त्राने इतकं हेलावणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी पायरीवर कोणीतरी तांदळाची पिशवी ठेवून गेलं. दुपारी आत्या आली आणि आईला आत घेऊन गेली. दार लोटलं तरी मला ऐकू आलं. अख्ख्या गल्लीत बोलताहेत की तुळशीदास तांडेलाच्या घरी चूल गेदरावर आलीय. शेवंती रोज भावाच्या दारात लपवून गेदर नेते, विनिताने प्रेमाने थाळा पाठवला तर पोरीने चार तुकडे धुतल्यासारखे अळणी परत दिले, घरात मीठ घ्यायलापण नाय. होडीचा धंदा बुडाला, तांडेलाचा डोळा गेला.

आई म्हणाली, आता मी बाजारात तोंड कसं दाखवू.

मी म्हटलं, लोकांना खरं कारण समजावून सांगू या, मी एक छोटं टिपण लिहून गल्लीच्या ग्रुपवर टाकते. दोघींनी एकदमच नको म्हटलं. आई आणि आत्या कधी एकदम काही म्हणत नाहीत. कट आहे.

१९ फेब्रुवारी

राजाराम आला होता. होड्यांची दलाली करतो. आधी होडीजवळ गेला, फळ्यांवर बोटांनी ठोकून बघितलं, मग घरी आला. चहा घेतला. म्हणाला, अडचण काय सगळ्यांनाच येते, तुळशीदासभाऊ, लाजायचं नाय, होळीच्या आत सांगितलंत तर गिऱ्हाईक तयार हाय.

बाबांच्या बशीतला चहा तसाच राहिला. राजाराम गेल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, “माझी होडी इकायची असं मी कोनाला बोललो?”

मी लगेच मोजलं. १९२. खात्री करण्यासाठी पुन्हा मोजलं. १९६. सरासरी काढायला तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा बाबांनी पट्टा स्वतःच काढून माझ्या मांडीवर ठेवला.

पेप्टाइड्सना वेळ लागतो. घाई करून उपयोग नाही. बाहेरची माणसं घरात घुसून आकडे बिघडवतात त्याला मी काय करणार?

२२ फेब्रुवारी

आता मशीनचाच संशय येऊ लागला. गल्लीच्या तोंडाशी डॉ. मृणालिनींचा दवाखाना आहे, बाबांची गोळी त्यांचीच. मशीन घेऊन एकटीच गेले. त्यांनी आधी त्यांच्या मशीनने आणि मग माझ्या मशीनने कंपाउंडरच्या हातावर मोजलं, मग स्वतःच्या. दोन्हीकडे जवळजवळ सारखं. मी आग्रह केला म्हणून पुन्हा एकदा. मशीन निर्दोष. हे एक नक्की झालं, आता या मशीनवर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकते.

डॉक्टरांनी विचारलं, मोजतं कोण? म्हटलं, मी. दिवसातून किती वेळा? सांगितलं. त्या म्हणाल्या, मोजण्याआधी पाच मिनिटं माणसाला शांत बसू द्यायचं, बोलायचं नाही. मी म्हटलं, मी बोलत नाही, फक्त समजावते. त्या म्हणाल्या, काही लोकांचा आकडा नुसता पांढरा कोट बघूनच चढतो, घरी तो प्रश्न नसावा. मी म्हटलं, आमच्या घरी पांढरा कोट कोणाकडेच नाही.

(माझा लॅबचा आहे. पण तो मी फक्त मोजतानाच घालते.)

गेदराबद्दल विचारलं. म्हणाल्या, खाऊ देत, चांगला मासा आहे, त्याने फार काही होईल अशी आशा नको, आणि मिठाची तुमची काळजी बरोबर आहे. शेवटी विचारलं, “तुमचं स्वतःचं कधी मोजलंत?” मी म्हटलं, मला कुठे आहे बीपी? डॉक्टर लोक पेशंट वाढवायला बघतात.

२५ फेब्रुवारी

नवीन शिस्त. पाच मिनिटं संपूर्ण शांतता. बाबांना खुर्चीत बसवते. मी समोर उभी राहते आणि ते शांत होताहेत की नाहीत हे बघत राहते. मान, कपाळावरची शीर, श्वास, सगळं. एक शब्दही बोलत नाही. फक्त भुवयांनी खुणा करते.

१८४.

शांततेचा काही उपयोग होत नाही असं दिसतं.

२७ फेब्रुवारी

प्रज्योतने हद्द केली. मी ऑफिसात असताना त्याने दुपारी बाबांचं मोजलं. बाबा ओट्यावर बसून जाळं शिवत होते, रेडिओ चालू होता, प्रज्योतने मागून येऊन पट्टा लावला. म्हणे १३४. मशीनच्या आठवणीत तो आकडा आहे, तो मला दाखवून वर विचारतो, आता काय बोलतंस?

बोलायचं काय? उघड आहे. पट्टा त्याने स्वतःच्या दंडाला लावला. त्या दिवशी खिशात लपवला होता तोच हात. सांगितलं तर हसत सुटला. म्हणाला, समे, तू बाबांच्या अंगावर असते ना, ती जरा उतर, यार.

आकडा पुसून टाकला. खोटी नोंद राहू देणं मला जमणार नाही.

१ मार्च

सहा तारखेची तयारी. रजा टाकली. बाबांना रिक्षात बसल्यापासून काय काय सांगायचं ते ठरवलं आहे. या वेळी संमतीपत्रातले धोके आदल्या दिवशीच वाचून दाखवणार, म्हणजे तिथे वेळ जायला नको. हॉस्पिटलात मोजताना नर्सच्या शेजारी उभी राहणार. कोट बरोबर घेणार.

बाबा हल्ली कमी बोलतात. संध्याकाळी बंदरावर होडीशेजारी जाऊन बसतात. मी परवा मागे गेले होते, ते काय खातात ते बघायला. काही खात नव्हते. होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून बसले होते. अंधार पडेपर्यंत मढच्या दिव्यांकडे बघत होते. जवळ गेल्यावर त्यांनी मला विचारलं, दिवे किती दिसतात तुला? मी सांगितले. म्हणाले, मना सगळे मिळून एकच दिसतो.

त्यांना तिथे मोजलं नाही. मशीन घरी होतं.

४ मार्च

आई आणि आत्या पुन्हा कुजबुजत होत्या. मला बघून आत्या मोठ्याने म्हणाली, वेसाव्यात या आठवड्यात गेदर आलाच नाय. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पोटात गेदर नसेल तर एवढे दिवस केलेलं काय कामाचं? आत्या म्हणाली, खारदांड्याला तिची नणंद नंदा आहे, तिच्याकडे सहा तारखेला सकाळी ताजा गेदर येणार, पण तो ओळखून आणायला कल्ला बघणारं माणूस हवं. दुसऱ्या कोणाला ती गोष्ट जमणार नाही.

खरंच आहे. मी जाते म्हटलं. हॉस्पिटलची वेळ अकराची, त्याआधी मी पोचेन.

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने असा हात शेवटचा मी बारावी पास झाले तेव्हा फिरवला होता.

६ मार्च, दुपार

काय लिहू?

सकाळी दांड्याला पोचले. नंदाआत्यांनी चहा दिला. होडी यायचीय म्हणाल्या. मग पोहे दिले. होडी यायचीय. मग म्हणाल्या, बसलीच आहेस तर हे बोंबील वलांडीच्या बांबूंवर वाळत टाकायला हात लाव. मी बोंबील टाकत होते आणि घड्याळ बघत होते. होडी आली. तिच्यात बोंबील होते, कोळंबी होती, गेदर नव्हता. मी विचारलं तर होडी हाकणारा तांडेल म्हणाला, या खाडीत कसला गेदर, तो खोल समुद्रातला मासा, आमची होडी तिकडं जात पण नाय.

हे मला माहीत होतं. तांडेलाची मुलगी आहे मी. तरी तासन्‌तास तिथे बसले. आत्याने मला पाटीत घालून वर पापलेट ठेवलं.

घरी फोन लावला. आईचा बंद. प्रज्योतचा बंद. रिक्षा केली. जुहूपर्यंत आले तेव्हा आईचाच फोन आला. ऑपरेशन झालं. बाबा पलंगावर पडून चहा मागताहेत.

आकडा विचारला.

१२८.

संध्याकाळ

शांतपणे विचार केला. १२८ हे माझं यश आहे. महिनाभर दिलेल्या गेदराचा साठलेला परिणाम बरोबर आजच्या दिवशी दिसला. तुकडे हळूहळू खाचेत जाऊन बसले असणार. मी तिथे नव्हते हा निव्वळ योगायोग.

निधीला मेसेज केला की प्रयोग सफल. तिने विचारलं, किती जणांवर? म्हटलं, एकावर, पण कसून.

९ मार्च

बाबांच्या डोळ्याची पट्टी कालच निघाली. काळा चष्मा लावून पायरीवर बसले आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत की तुझा शर्ट पिवळा हाय. राजाराम गल्लीच्या तोंडाशी दिसला. बाबांनी तिथूनच हाक मारून सांगितलं की त्याच्या खिशाचं बटण तुटलंय. राजाराम खिसा चाचपत तिथूनच परत फिरला. बातमी बंदरावर पोचली असणार.

विनिताकाकींनी आईला विचारलं, मग गेदर कशाला? आईने सगळं सांगितलं. दोघी पायरीवर बसून पोट धरून हसल्या. आईने एक गोष्ट मला आजच सांगितली. बाबांनी गेदर फक्त पहिला दिवस खाल्ला. नंतर ताट खिडकीतून बोक्याला जात होतं. मी खिडकी बंद केल्यावर बाबांच्या मांडीवरच्या रुमालातून जायला लागलं. आई बाबांना भाजलेला सरंगा द्यायची, मीठ न लावता, मी ऑफिसला गेल्यावर.

मीठ न लावता. म्हणजे मिठाबद्दल माझं ऐकत होते. एवढं तरी.

शिजताना निघणाऱ्या वाफेतून काही अंश बाबांच्या नाकात जात असेल काय? व्याख्यानाच्या बाईंना ईमेल करून विचारायला हवं.

डॉ. मृणालिनी बाबांना बघायला आल्या होत्या. दाराआडून ऐकलं. त्या आईला म्हणत होत्या, गोळी तशीच चालू ठेवा, आठवड्यातून एकदा मुलाला मोजू द्या, आणि मुलगी ऑफिसात असताना. आई म्हणाली, कोट मी धुवायला टाकलाय, तो काही दिवस वाळतच राहणार.

मी ईमेल लिहिला नाही.

१३ मार्च, होळी, दुपार

होडी सजवली. पताका, झेंडूच्या माळा, नाळीला नवीन रंग. समुद्रावर जायला बाबांना अजून थोडे आठवडे आहेत, पण प्रज्योतने सुट्टी वाढवून घेतली. बाबा सकाळी काळा चष्मा कपाळावर चढवून मढकडे बघून आले. मी विचारायच्या आतच म्हणाले, समदे वेगवेगळे दिसतात.

जेवण झाल्यावर त्यांनी मशीन स्वतः आणलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तुमचं आज नको, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, “माझा नाय. तू बस.”

मी सांगितलं की मला कुठे बीपी आहे, शिवाय आत्ताच जेवण झालंय, हात छातीच्या पातळीवर पाहिजे, पट्टा कोपरापासून दोन बोटं वर. बाबा म्हणाले, बोलायचं नाय. आई, प्रज्योत, दारात आत्या, पायरीवर विनिताकाकी, सगळे पाच मिनिटं माझ्याकडे बघत गप्प उभे राहिले. पाच मिनिटं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

पट्टा आवळला. सुटला. बाबा मुद्दाम दारापर्यंत मागे गेले. तिथून, चष्मा न लावता, नव्या डोळ्याने आकडा वाचला.

“एकशे अठ्ठावन.”

मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. तेवढाच. तिसऱ्यांदा म्हटलं तर बाबांनी पट्टा हळूच सोडवला, गुंडाळला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, चौदा-पंधरा वर्षांची होतीस तवापास्ना तू दारं-खिडक्या तपासून झोपतंस. मना दिसत नव्हतं तवापन ठाव होतं. सोमवारी मृणालिनीबाईंकडे जायचं, मी येतो संगती, रिक्षात एक शब्द बोलनार नाय.

मी मशीन तपासून घ्यायला हवं असं म्हणायला तोंड उघडलं. मग आठवलं. मशीन निर्दोष आहे. मीच तीनदा तपासून आणलंय.

आत्या निघाली तसं बाबांनी तिला हाक मारून सांगितलं, शेवंते, उद्यापास्ना रोज एक गेदर आन, आनि झाकून नको आनू, सगल्यांना दिसू दे. आईने विचारलं, मीठ? बाबा म्हणाले, अजिबात नाय. मी समोर बसनार.

बोका पायरीवर येऊन बसलाय. त्याच्याशी आजच बोलून ठेवायला हवं.